लाचलुचपतीच्या खटल्यात विशेषाधिकाराचा दावा: नव्या वकिलांसाठी

लाचलुचपत प्रतिबंधक अधिनियम, १९८८ खालील खटल्यांत ज्युनिअर म्हणून उभे राहणाऱ्यांना सापळ्याचा पंचनामा, नोटांना लावलेली पावडर आणि पंचांचा उलटतपास यांची तयारी करायला सगळेच सांगतात. माझ्या अनुभवात मात्र खरी कसोटी मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याच्या साक्षीत लागते. कलम १९ नुसार लोकसेवकावर खटला चालवण्यासाठी मंजुरी लागते, आणि मंजुरी आदेशापेक्षा त्यामागच्या नस्तीत (कार्यालयीन फाइलमध्ये) बचाव पक्षाला अधिक रस असतो. कारण आदेशाचा मसुदा कोणी केला, कायदेशीर अभिप्राय काय आला आणि अधिकाऱ्याने कागद खरोखर वाचले का, हे नस्तीतल्या टिपण्यांवरूनच कळते. ती मागितली, की साक्षीदार म्हणतो, "साहेब, ती गोपनीय आहे."

हाच विशेषाधिकाराचा, म्हणजे माहिती उघड न करण्याच्या हक्काचा, दावा. अशा वेळी प्रथम कोणत्या कलमाखाली हरकत आहे, हे विचारावे. पुराव्याचा नवा कायदा, भारतीय साक्ष्य अधिनियम, १ जुलै २०२४ रोजी लागू झाला, पण त्याआधीपासून प्रलंबित असलेले खटले पुराव्याच्या जुन्या, १८७२ च्या कायद्यानेच चालतात, म्हणून दोन्ही कायद्यांचे कलम-क्रमांक टिपून ठेवावेत. राज्यकारभारासंबंधीच्या अप्रकाशित अभिलेखांचे जुने कलम १२३ आता १२९ झाले आहे. अधिकाऱ्याला शासकीय विश्वासाने कळवलेल्या मजकुराचे १२४ आता १३० आहे. या दोन हरकती एक नव्हेत. पहिलीत परवानगी देण्याचा वा नाकारण्याचा अधिकार विभागप्रमुखाचा असतो, पिंजऱ्यातल्या साक्षीदाराचा नव्हे. सोधी सुखदेव सिंग प्रकरणात (१९६१) सर्वोच्च न्यायालयाने असा दावा साधारणपणे मंत्र्याच्या किंवा सचिवाच्या शपथपत्राने यावा, आणि त्याने तो कागद स्वतः वाचून विचारात घेतलेला असावा, असे म्हटले. नस्तीवर 'गोपनीय' असा शिक्का आहे, एवढ्याने ते भागत नाही. पुढे राज नारायण प्रकरणात (१९७५), ज्यात पंतप्रधानांच्या दौऱ्यांच्या सुरक्षेविषयीच्या सूचनांचा वाद होता, न्यायालयाने गरज वाटल्यास स्वतः कागद पाहण्याचा आपला अधिकार राखून ठेवला.

हरकत असली तरी समन्स मिळालेल्या साक्षीदाराने नस्ती न्यायालयात आणलीच पाहिजे, हे जुने कलम १६२ आणि नवे १६५ सांगते. हरकत योग्य की अयोग्य, हे न्यायालय ठरवते. प्रत्यक्षात अधिकारी रिकाम्या हाताने येतात आणि तारीख पडते. त्यामुळे समन्सच्या अर्जातच नस्तीचा क्रमांक आणि हव्या असलेल्या टिपण्यांचे वर्णन लिहावे, आणि हरकत आल्यास ती व तिच्यावरचा आदेश यांची नोंद होईल हे पाहावे. अपिलात नोंदलेलेच उपयोगी पडते. 'संपूर्ण नस्ती' मागणारा अर्ज मला नेहमी आळशीपणाचा वाटतो, आणि तो फेटाळलाही सहज जातो.

वकील आणि अशील यांच्यातला संवाद हा वेगळा विषय आहे. नव्या कायद्याच्या कलम १३२ चे संरक्षण अशिलाचे असते आणि त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय वकिलाने बोलायचे नसते. वकिलाच्या कारकुनालाही हेच लागू आहे. पण बेकायदा हेतू साधण्यासाठी झालेले बोलणे त्यात येत नाही, आणि आधीपासून अस्तित्वात असलेले खरेदीखत वकिलाच्या कपाटात ठेवल्याने संरक्षित होत नाही. अपसंपदेच्या (ज्ञात उत्पन्नाशी विसंगत मालमत्तेच्या) खटल्यांत या कलमाची गल्लत हमखास होते. उत्पन्नाचे तक्ते तयार करणारा सनदी लेखापाल वकील नसल्यामुळे या कलमात बसत नाही, तरी अशील त्याच्याकडे निर्धास्तपणे सगळे सांगून मोकळे झालेले असतात. बचाव पक्षाचे काम असेल, तर पहिल्याच भेटीत ही गोष्ट अशिलाला समजावून द्यावी.

आरोपी आमदार किंवा खासदार असेल, तर संविधानाच्या अनुच्छेद १०५ व १९४ मधील सभागृहाच्या विशेषाधिकाराचा मुद्दा पूर्वी येत असे. सीता सोरेन प्रकरणात ४ मार्च २०२४ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने असे संरक्षण मान्य करणारा १९९८ चा निर्णय रद्द ठरवून, मतासाठी वा भाषणासाठी लाच घेणाऱ्याला ते संरक्षण नाही, असे स्पष्ट केले. आजही जुन्या निर्णयावर विसंबलेले युक्तिवाद समोर येतात. त्यांना उत्तर देण्यासाठी हा निकाल सोबत ठेवावा.