या चुका टाळा: अंडाशय-कर्करोगाच्या पेशींवरची एन्झाइम्स तपासताना

एसकेओव्ही-३ या अंडाशय-कर्करोगाच्या पेशी ज्यात वाढवल्या ते माध्यम जिलेटिन जेलवर चढवलं (ही झायमोग्राम चाचणी: एन्झाइम जिलेटिन खातं तिथे जेल रंगवल्यावर पांढरा पट्टा दिसतो) आणि पट्टा उमटला नाही, की ‘एन्झाइम नाही’ असं लगेच लिहून टाकू नका. बहुतेकदा ते नमुना तयार करतानाच मेलेलं असतं, नाहीतर भलत्याच ठिकाणी शोधलेलं असतं.

एमएमपी म्हणजे मेटॅलोप्रोटीएज, धातूच्या आधारे प्रथिनं कापणारी एन्झाइम्स. त्यातलं एमटी१-एमएमपी पेशीच्या पटलातच रुतलेलं असतं, त्यामुळे माध्यमात ते फारसं सापडत नाही. ते पाहायचं तर पेशी फोडून वेस्टर्न ब्लॉट (प्रतिपिंडाने प्रथिन ओळखण्याची चाचणी) करा. माध्यमात दिसते ती त्याची करामत: ७२ किलोडाल्टनच्या प्रो-एमएमपी-२ चं (एमएमपी-२ चं निष्क्रिय रूप) ६२ च्या सक्रिय रूपात झालेलं रूपांतर. त्यासाठी टिम्प-२ (एमएमपींना अडवणारं प्रथिन) मध्यस्थ म्हणून लागतं. पण तेच जास्त झालं तर शेजारचं एमटी१-एमएमपीही अडतं आणि सक्रियता घटते.

सर्वात महागात पडणारी चूक वाचनाची. ७२ चा पट्टा पांढरा दिसला म्हणून ‘एमएमपी-२ सक्रिय’ म्हणू नका. जेलमधल्या एसडीएस या डिटर्जंटमुळे निष्क्रिय रूपही उघडतं आणि जेलमधलं जिलेटिन खातं. टिम्पही एसडीएसमुळे सुटून जातं, म्हणून झायमोग्राममधून अवरोध कळत नाही. निष्कर्ष ६२ आणि ७२ च्या गुणोत्तरावरून काढा.

नमुन्यात मर्कॅप्टोइथेनॉल घालू नका आणि तो उकळू नका. एन्झाइमची घडी पुन्हा बसत नाही. गाईच्या सीरममध्ये स्वतःची एमएमपी असतात. म्हणून पेशी पीबीएसने (क्षारांचं बफर) दोनदा धुऊन २४ तास सीरमविरहित माध्यमात ठेवा. पेशी सोडवायला वापरतात ते ट्रिप्सिन पृष्ठभागावरची प्रथिनं कापतं. पृष्ठभाग तपासायचा असेल तर २ ते ५ मिलिमोलर ईडीटीएने (धातू पकडणारं रसायन) पेशी सोडवा, पण नंतर ते नीट धुवा. राहिलं तर कॅल्शियम-जस्त ओढून एन्झाइमच बंद पाडेल.

जेल चालवल्यावर एसडीएस काढायला २.५ टक्के ट्रायटनमध्ये (सौम्य डिटर्जंट) अर्धा-अर्धा तास दोनदा धुवा. मग ५० मिलिमोलर ट्रिस (पीएच ७.५), ५ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड आणि १ मायक्रोमोलर झिंक क्लोराइडच्या बफरमध्ये ३७ अंशांवर १६ ते २० तास ठेवा. रात्री वीज गेली की इन्क्युबेटर थंडावतो आणि पट्टे फिके येतात. दोन रात्रींच्या जेलची तुलना करू नका. प्रत्येक जेलवर तुलनेसाठी एचटी-१०८० चं (एमएमपी स्रवणाऱ्या कर्करोग-पेशी) माध्यम ठेवाच. जेलची एक पट्टी कापून २० मिलिमोलर ईडीटीए घातलेल्या बफरमध्ये ठेवा. तिथे पट्टे गेले तरच मेटॅलोप्रोटीएज म्हणा.

इन्व्हेजन चाचणीत पेशी मॅट्रिजेल या प्रथिनांच्या जेलचा लेप भेदून सच्छिद्र इन्सर्टच्या (छोट्या कपाच्या) पलीकडे जातात का ते पाहतात. तिथे सोलापूरचा मे महिना मॅट्रिजेलचा शत्रू. १० अंशांच्या वर गेलं की ते घट्ट होऊ लागतं आणि इथे बाहेर पारा चाळिशीपार. रात्रभर ४ अंशांवर बर्फात वितळवा, टिप आणि इन्सर्ट आधी गार करा, पिपेटिंग बर्फावरच. ८ मायक्रोमीटर छिद्रांच्या इन्सर्टसोबत लेप नसलेला इन्सर्टही लावा, नाहीतर निव्वळ सरकणं आणि भेदणं वेगळं कळणार नाही.

आणखी एक गोष्ट: मॅट्रिजेल म्हणजे आधारपटलाची (पेशींच्या थराखालच्या पातळ जाळ्याची) नक्कल. जलोदरातून पसरणाऱ्या पेशी पोटाच्या अस्तराखाली पोहोचल्या की तिथे टाइप-१ कोलॅजन असतं, जे एमटी१-एमएमपी कापतं. म्हणून कोलॅजन जेलवरही तपासा. फिनॉल रेड (आम्लता दाखवणारा रंग) असलेलं आम्लधर्मी कोलॅजनचं मिश्रण सोडियम हायड्रॉक्साइडने उदासीन करताना रंग फिकट गुलाबी हवा. पिवळा राहिला तर ते ३७ अंशांवरही नीट घट्ट होणार नाही.