लेझरचा ठिपका हवेमुळे नाचताना बघायचाय? दुपारी बाराला करू नका

कडक उन्हात करा, जमीन तापलेली असते, असं जो तो सांगतो. तापलेली असते हो, पण 1 मिलीवॉटचा पॉइंटर त्या उन्हात 60 मीटरवर दिसणार कसा? आणि जास्त पॉवरचा घ्यायचा नाही, डोळ्यांशी खेळ नको. अंधार पडल्यावर करा. उन्हाळ्यात डांबरी रस्ता किंवा सोसायटीचं काँक्रीटचं पार्किंग तेव्हाही चांगलं गरम असतं.

एका टोकाला लेझर, 50-60 मीटरवर पांढरा बोर्ड, त्यामागे भिंत, मधून कुणी फिरकणार नाही ते बघा. किरण जमिनीपासून वीतभर वर. लेझर विटांत घट्ट आवळा, बटणाला कपड्याचा चिमटा लावा, हाताने दाबून धरलंत तर सगळं मुसळ केरात.

आता खरी गोम. ठिपका हलतोय, पण हवेमुळे की विटा डुगडुगतायत? मी यात दोन संध्याकाळी घालवल्या. अख्खा ठिपका एकसंध थरथरतोय तर आधी विटा बघा. हवा असेल तर ठिपक्याच्या आतसुद्धा उजेडाचे पट्टे पळतात, हौदाच्या तळाशी ऊन हलतं ना तसे. बारीक रवाळ दाणे दिसतील ते मोजू नका, ते लेझरचेच असतात, डोकं हलवलं की तेही हलतात.

तरी शंका असेल तर घरातून गरम तवा आणा (विचारून आणा). लेझरपासून हातभर अंतरावर किरणाच्या खाली धरा, ठिपका उकळल्यासारखा होतो. तोच तवा बोर्डाजवळ नेऊन धरा, जवळपास काहीच नाही! हवा 1 अंशाने तापली तर तिचा अपवर्तनांक (ती प्रकाशाला किती वळवते त्याचा आकडा) 10 लाखात 1 एवढाच बदलतो, त्यामुळे किरण वळतो तोही केसभर, पण सुरुवातीलाच वळला तर पुढच्या 60 मीटरमध्ये त्या केसभराचं बरंच काही होतं, बोर्डाजवळ वळला तर सरकायला अंतरच उरत नाही. म्हणून माझं ठाम मत, लेझर कधीही गाडीच्या गरम बॉनेटवर किंवा तापलेल्या पत्र्यावर ठेवू नका, मी ठेवला होता आणि रस्त्याची म्हणून जी थरथर वहीत लिहिली ती निम्मी बॉनेटची निघाली.

शेवटी ठिपक्याचा मोबाइलवर व्हिडिओ घ्या, मग दोन्ही टोकं कमरेएवढी उचला आणि परत घ्या. थरथर कमी झालेली लगेच कळते.