सामाईक युटिलिटी कोड : या चुका टाळा

एका प्रकल्पातील उपयुक्त फंक्शन दुसरीकडे हवे झाले की बहुतेक जण संपूर्ण युटिल्स फाइलच (अशा छोट्या फंक्शनांची फाइल) उचलून तिकडे कॉपी करतात. काम पाच मिनिटांत होते हे खरे. पण त्यासोबत त्या फाइलमधील दोषांच्याही प्रती निघतात आणि त्या कुठे कुठे गेल्या याची नोंद कोणीही ठेवत नाही.

एका बिलिंग प्रणालीच्या दुरुस्तीसाठी मला बोलावले होते. रुपयांची रक्कम लाख-कोटींच्या पद्धतीने दाखवणारे, हाताने लिहिलेले फंक्शन तेथे होते : उजवीकडचे तीन अंक बाजूला काढायचे, उरलेल्यांचे दोन-दोनचे गट पाडायचे आणि मध्ये स्वल्पविराम द्यायचे. १,२५,००० अचूक दिसत असे. परंतु परताव्याचे उणे १०० रुपये आले की उणे चिन्हालाच अंक समजून पावतीवर '-,१००' छापले जाई. हा दोष कोणीतरी पूर्वीच दुरुस्त केला होता, मात्र केवळ ॲडमिन पॅनेलच्या प्रतीत. पावत्या आणि महिनाअखेरचे अहवाल वेगळ्या रिपॉझिटरींत (कोड साठवण्याच्या जागांत) होते आणि प्रत्येक ठिकाणी फंक्शनचे नाव बदललेले असल्यामुळे नावावरून शोधून काहीच हाती लागेना. अखेर शेवटचे तीन अंक कापणारी ओळच सर्वत्र शोधली, तेव्हा उरलेल्या प्रती सापडल्या. मुळात जावास्क्रिप्टमध्येच असलेल्या इंटल.नंबरफॉरमॅट या संख्या मांडणाऱ्या सोयीला भारतीय लोकेल (भाषा-प्रदेशाची खूण) दिले की गट आणि उणे चिन्ह दोन्ही नीट सांभाळले जातात. भाषेतच असलेली सोय न पाहता लिहायला बसण्याची ही घाई मला अजिबात पटत नाही.

दोन प्रकल्पांपुरती नक्कल मी चालवून घेतो. तिसऱ्याला तेच फंक्शन हवे झाले की त्याचे खासगी पॅकेज (प्रकल्पांना जोडता येणारा कोडचा स्वतंत्र संच) करतो आणि जुन्या प्रती त्याच दिवशी काढून टाकतो, कारण 'नंतर काढू' म्हटलेल्या प्रती सहसा निघत नाहीत.

याउलट, नवशिके उत्साहाच्या भरात सगळेच 'कॉमन' पॅकेजमध्ये कोंबतात. मग एका प्रकल्पाला रक्कम पूर्ण रुपयांत हवी, दुसऱ्याला पैशांसह हवी, म्हणून त्याच फंक्शनला खरे-खोटेचे एकेक पॅरामीटर चिकटत जातात. अशा वेळी सरळ दोन फंक्शने लिहावीत. तारीख वाचणे सामाईक असू शकते. सवलतीचा नियम ज्या त्या प्रकल्पातच राहावा.

सामाईक पॅकेजची आवृत्ती लॉक फाइलमध्ये (वापरलेल्या पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्या नोंदवणाऱ्या फाइलमध्ये) पक्की करा.

चार ओळींच्या कामासाठी बाहेरचे पॅकेज घेऊ नका. मार्च २०१६ मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारातून लेफ्ट-पॅड हे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज काढून घेतले गेले आणि बेबल या जावास्क्रिप्ट रूपांतर साधनासह कित्येक प्रकल्पांचे बिल्ड (कोडपासून चालते सॉफ्टवेअर तयार करणे) अडले.

सामाईक फंक्शनच्या टेस्टमध्ये शून्य, उणे रक्कम आणि रिकामे मूल्य या तिन्ही गोष्टी नसतील, तर मी ते पॅकेजमध्ये घेतच नाही, मग मागणारा कितीही घाईत असो.