दिवाळखोरीची केस आली तर आधी कुठलं पुस्तक उघडायचं? (सोलापूरच्या वकिलांसाठी)

पुस्तकांच्या दुकानात जायच्या आधी पक्षकाराला एक गोष्ट विचारा, पैसे थकवलेत ते कुणी? कंपनीने किंवा एलएलपीने (मर्यादित जबाबदारीची भागीदारी), का साध्या प्रोप्रायटरने (एकट्या मालकाने) नाहीतर भागीदारी पेढीने? कारण त्यावरच कायदा बदलतो, कोर्ट बदलतं आणि पुस्तकही बदलतं. आपल्याकडे टॉवेल, चादरवाल्यांमध्ये निम्मे जण प्रोप्रायटरच निघतात, आणि बरेच ज्युनिअर सरळ इन्सॉल्व्हन्सी अँड बँकरप्सी कोड 2016 (दिवाळखोरीचा कायदा, पुढे नुसतं कोड) ची जाडजूड कॉमेंटरी (कलमवार विवेचन) घेऊन बसतात, जी त्या केसला लागतच नाही.

माणूस स्वतः कर्जात बुडाला असेल तर अजून 1920 चा प्रांतिक नादारी कायदाच चालतो, कारण कोडमधला व्यक्ती आणि भागीदारी पेढ्यांचा तिसरा भाग फक्त कंपनीच्या पर्सनल गॅरंटरपुरता (कंपनीच्या कर्जाला स्वतः जामीन राहिलेल्यापुरता) 1 डिसेंबर 2019 पासून लागू झालाय, बाकीच्यांना नाही. म्हणजे नादारीचा अर्ज इथेच, आपल्या जिल्हा न्यायालयात. यासाठी एक पातळ बेअर अ‍ॅक्ट (नुसता कायद्याचा मजकूर) पुरतो. कलम 6 मध्ये नादारीची कृत्यं (कुठल्या वागण्यावरून माणूस नादार ठरवता येतो) आहेत, कलम 9 धनकोच्या (ज्याचे पैसे येणं आहेत त्याच्या) अर्जाचं, कलम 10 ऋणकोच्या (कर्जदाराच्या) अर्जाचं, आणि धनकोचा अर्ज त्या कृत्यापासून 3 महिन्यांच्या आत यावा लागतो, ही मुदत पेन्सिलीने अधोरेखित करून ठेवा. कर्जाची रक्कम तिथे 500 रुपये लिहिलेली दिसेल, दचकू नका, तो आकडा खरंच तसाच आहे.

आता कंपनी असेल तर. पहिलं, कंपनीचं रजिस्टर्ड ऑफिस कुठं आहे ते बघा, माल कुठं उतरला ते नाही. रजिस्टर्ड ऑफिस महाराष्ट्रात असेल तर मुंबईचं एनसीएलटी (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण), सुरतची कंपनी असेल तर अहमदाबाद. कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच 2025 मध्ये झालं ते खूप चांगलं झालं, पण त्यामुळे एनसीएलटी काही कोल्हापूरला आलेलं नाही, त्यासाठी मुंबईला जायला रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेसच धरायची.

पुस्तक घेताना माझं मत स्पष्ट आहे. आधी एकाच खंडात कोड, रूल्स, रेग्युलेशन्स आणि फॉर्म एकत्र असलेलं ताजं मॅन्युअल घ्या, कॉमेंटरी नंतर. कॉमेंटरी आर्ग्युमेंटला लागते, फायलिंगला नाही, आणि केस बहुतेक वेळा फायलिंगमध्येच अडकते. कॉमेंटरी दोघा-तिघांनी मिळून घेतली तरी चालते, मॅन्युअल मात्र प्रत्येकाचं स्वतःचं पाहिजे. त्यात कोडशिवाय अ‍ॅडज्युडिकेटिंग अथॉरिटीला (म्हणजे एनसीएलटीला) अर्ज करण्याचे 2016 चे रूल्स, एनसीएलटी रूल्स आणि सीआयआरपी (कंपनीची दिवाळखोरी सोडवण्याची प्रक्रिया) रेग्युलेशन्स हे तिन्ही आहेत का ते दुकानातच उघडून बघा, नुसत्या कोडवर अर्ज उभा राहत नाही.

पुस्तक ताजं आहे का हे ओळखायला कलम 4 काढा. कलमात आजही थकबाकीची मर्यादा 1 लाखच छापलेली दिसते, 1 कोटी ही मर्यादा 24 मार्च 2020 च्या नोटिफिकेशनने आली, आणि चांगलं पुस्तक ते नोटिफिकेशन कलमाखालीच छापतं. नसेल तर ते पुस्तक ठेवून द्या. मग कलम 10ए (कोरोनाकाळातल्या थकबाकीचं) आहे का, 238ए (मुदत कायदा लागू करणारं) आहे का, एमएसएमईसाठीच्या (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) प्री-पॅकचं (आधीच ठरवलेल्या तोडग्याचं) प्रकरण 3ए आहे का, हेही बघा. ऑगस्ट 2025 मध्ये लोकसभेत मोठं दुरुस्ती विधेयक आलं, त्यामुळे छपाईची तारीख न बघता काहीच घेऊ नका. आणि फाइल करायच्या दिवशी आयबीबीआयच्या (दिवाळखोरीच्या नियामक मंडळाच्या) वेबसाइटवरून चालू रेग्युलेशन फुकट मिळतं ते पुस्तकाशी ताडून बघा, हे नियम छापखान्यापेक्षा लवकर बदलतात.

वापरायचं कसं ते एका उदाहरणाने सांगतो. समजा अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलवाला तुमच्याकडे आलाय, मुंबईच्या एका कंपनीकडे त्याचे 1 कोटी 12 लाख अडकलेत. तो स्वतः प्रोप्रायटर असला तरी चालतं, समोर कंपनी आहे आणि हा ऑपरेशनल क्रेडिटर (माल किंवा सेवेचे पैसे येणं असलेला). कलम 8 काढा, डिमांड नोटीस, मग लगेच त्या 2016 च्या अर्जाच्या रूल्समधल्या रूल 5 वर जा, तिथे नोटीस कशी पोचवायची ते आहे, फॉर्म 3 किंवा इनव्हॉइस जोडून फॉर्म 4. 10 दिवस थांबा, मग कलम 9 आणि फॉर्म 5, कोर्ट फी 2,000 रुपये. फॉर्म 5 चा भाग 4 आणि भाग 5 निवांत वाचा, रक्कम कधी थकली आणि कागद कुठले, सगळा जीव तिथेच आहे. या चार जागांना चार रंगाचे फ्लॅग लावले की पुढच्या केसला पानं शोधत बसावं लागत नाही.

पण नोटीस काढण्याआधी पक्षकाराचे ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅप मागवा. कंपनीने आधीच कधीतरी 'रंग जातोय, माल परत घ्या' असं लिहिलं असेल तर सुप्रीम कोर्टाचा मोबिलॉक्स (2017) निकाल समोर येणार, नोटिशीच्या आधीचा वाद दिसला की कलम 9 चा अर्ज फेटाळला जातो, अर्थात वाद नुसता बनाव नसेल तर. मुदतीचंही तसंच, 3 वर्षं, कलम 137 मुदत कायदा, बी. के. एज्युकेशनल (2018) चा निकाल. कोरोनाच्या काळातली थकबाकी असेल तर 10ए, 25 मार्च 2020 पासून एक वर्षातल्या डिफॉल्टवर अर्जच करता येत नाही. कॉमेंटरी लागते ती इथे.

थकबाकी 38-40 लाखच असेल तर कलम 9 विसरा. उद्यम रजिस्ट्रेशन माल देण्याच्या आधीचं असेल तर एमएसएमईडी कायद्याच्या (लघुउद्योगांच्या कायद्याच्या) कलम 18 खाली फॅसिलिटेशन कौन्सिल (थकीत बिलांचे वाद मिटवणारी), नाहीतर समरी सूट (झटपट निकालाचा दिवाणी दावा). आणि कंपनीवर दुसऱ्याच कुणीतरी आधीच अर्ज करून सीआयआरपी सुरू झालं असेल तर मुंबईला जायचीही गरज नाही, सीआयआरपी रेग्युलेशन्समधला फॉर्म बी भरून रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे (ही प्रक्रिया चालवणाऱ्याकडे) क्लेम टाका, पब्लिक अनाउन्समेंटमध्ये शेवटची तारीख दिलेली असते. इथे रक्कम कितीही कमी असली तरी क्लेम टाकता येतो, बऱ्याच व्यापाऱ्यांना हे माहीतच नसतं.

अर्ज फेटाळला गेला तर कलम 61, अपील 30 दिवसांत, वर फार तर 15 दिवस, दिल्लीच्या एनसीएलएटीत (एनसीएलटीवरच्या अपील न्यायाधिकरणात). त्यासाठी एनसीएलएटी रूल्स वेगळे आहेत, मॅन्युअलमध्ये तेही बघून घ्या. ऑर्डर झाली त्याच दिवशी सर्टिफाइड कॉपीचा अर्ज टाका, व्ही. नागराजन (2021) मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की कॉपीची वाट बघत बसलेल्याला मुदतीची सूट नाही.