ईएनटीच्या पहिल्या वर्षात हात बसत नाहीये? आधी या चुका टाळा

पहिल्या वर्षाचे रेसिडेंट हमखास म्हणतात की हात बसत नाही, पण बऱ्याचदा हाताचा काही दोषच नसतो, सुरू करायच्या आधीच सगळं चुकलेलं असतं. ट्रेकिओस्टॉमी (गळ्यातून श्वासनलिकेला छेद देणं) घ्या. खांद्याखाली सँडबॅग नीट नाही, मान सरळ नाही, वर असिस्टंट एका बाजूचा रिट्रॅक्टर (जखम उघडी धरायचं हत्यार) जोरात ओढतोय, मग ट्रेकिया (श्वासनलिका) बाजूला सरकते आणि आपण खोल खोल शोधत बसतो. सापडत नसेल तर अजून आत जाऊ नका, रिट्रॅक्टर सैल करा, बोटाने क्रायकॉइड (ट्रेकियाच्या वरची कूर्चेची कडी) चाचपा, मिडलाइन परत पकडा, आणि ट्रेकियाच आहे ना हे सिरिंजने हवा ओढून बघा.

नाकाच्या एंडोस्कोपीत स्क्रीन सारखी लाल होत असेल तर डिकंजेशनला (औषधाने नाकाची सूज उतरायला) वेळच दिला नाही किंवा स्कोप सेप्टमला (नाकाच्या मधल्या पडद्याला) घासतोय. औषधाचा पॅक ठेवून दहा मिनिटं थांबायला काय जातं?

खरी गंमत मास्टॉइडला, म्हणजे कानामागचं हाड कोरताना. सगळ्यांना अँट्रम (त्या हाडातली मोठी हवेची पोकळी) लवकर गाठायची घाई, म्हणून अरुंद खोल विहीर खणतात. असं करू नका, आधी वरून रुंद उघडा, टेगमेन (वरचं, मेंदूकडचं पातळ हाडाचं छत) आणि सिग्मॉइड सायनस (मागची मोठी शीर) हाडातून दिसायला लागू द्या, बर (ड्रिलचं फिरतं पातं) मावेल तेवढा मोठा घ्या आणि टोकाने न दाबता बाजूने फिरवा. मोठ्या माणसात अँट्रम साधारण १५ मिमी खोल असतो, तेवढं जाऊनही मिळाला नाही तर तुम्ही बहुतेक खाली घसरलायत, आणि खाली फेशियल नर्व्ह (चेहरा हलवणारी नस) आहे, तेव्हा टेगमेनच्या कडेकडेने वर-पुढे या. कधीकधी कोर्नर सेप्टम (मधलाच एक हाडाचा पडदा) आडवा येतो, त्यालाच अँट्रमची आतली भिंत समजून लोक थांबतात, लॅटरल कॅनाल (आतल्या कानाची अर्धवर्तुळाकार नळी) दिसला नाही म्हणजे अजून पोचलो नाही एवढं साधं आहे. नर्व्हजवळ डायमंड बर, नर्व्हला समांतर आणि पाणी भरपूर, कारण नुसत्या उष्णतेनेही नर्व्ह दुखावते.

मायक्रोस्कोपचा झूम बदलला की धूसर होतं? आयपीस तुमच्या डोळ्याच्या नंबरप्रमाणे लावलेलेच नाहीत, सर्वात जास्त मॅग्निफिकेशनला फोकस करा आणि मग खाली या. आणि हात थरथरत असेल तर बघा, मनगट हवेत लटकतंय का, ते पेशंटच्या डोक्याजवळ ड्रेपवर टेकवा, स्टूल खाली-वर करून घ्या, नर्स ओरडली तरी.