दिवाळीआधीची यादी : शाळेत समाजकार्यकर्ती म्हणून नव्याने येणाऱ्यांसाठी

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालं, नाशिकमधल्या एखाद्या संस्थेत काम मिळालं आणि पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडच्या शाळा वाट्याला आल्या, तर हे तुमच्यासाठी. केसवर्क (एकेका व्यक्तीबरोबरचं काम), गटकार्य, मुलाखतीची तंत्रं तुम्हाला येतात असं धरून चालते. जिल्हा परिषदेच्या शाळेत आपलं स्वतंत्र पद सहसा नसतं, आपण प्रकल्पातून येतो. त्यामुळे सुरुवातीला आपण नेमक्या कोण, हेच कुणाला उमगत नाही. गुरुजी रजेवर गेले की वर्ग सांभाळायला सांगतात, पोषण आहाराच्या नोंदी पुढे सरकवतात. अडीनडीला जरूर मदत करा. पण घरभेटीची वेळ त्यात घालवू नका. ती गेली की शाळेत आपलं वेगळं असं काही काम उरतच नाही.

आता मुख्य गोष्ट. लांबण लावून सांगणार आहे, कारण मी तिथेच अडकले होते आणि कॉलेजात त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

आपल्या भागातली मुलं शाळेतून गळतात ती दिवाळीच्या सुट्टीत. भाताची कापणी-झोडणी उरकली की पेठ-सुरगाण्याची कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे उतरतात. तोवर तिथली फळछाटणी बहुतेक झालेली असते. विरळणीला (घडातले जादा मणी काढायला), डिपिंगला (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवायला) माणसं हवी असतात आणि पुढे जानेवारी ते मार्च काढणी. शाळा बंद असतानाच घर हलतं, म्हणून हजेरीपटावर काहीच दिसत नाही. सुट्टी संपते, बाकं रिकामी असतात. गुरुजी म्हणतात, "येतील दोन-चार दिवसांत, पाहुण्यांकडे गेले असतील." सुट्टीनंतर मुलं उशिरा येतातच, त्यामुळे आपल्यालाही ते पटतं. मग आठवड्याने घरभेटीला जावं तर दाराला कुलूप. शेजारी सांगतात, बागेवर गेलेत. कुठल्या बागेवर? ते फक्त मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाला ठाऊक, आणि मुकादमाचा नंबर गावात कुणाकडे नसतो.

सलग महिनाभर गैरहजर असलेलं मूल शाळाबाह्य धरलं जातं. तुम्ही त्या महिन्याची वाट पाहू नका. तो नियम मोजणीसाठी आहे. महिना भरेपर्यंत चौथीतली मुलगी बागेतल्या पत्र्याच्या खोलीत धाकट्या भावाला सांभाळू लागलेली असते, आणि मग तिला तिथून उठवून शाळेत बसवणं फार अवघड जातं. आईला रोजावर जायचं असतं, तान्ह्याला बघायला दुसरं कुणी नसतं. तिला दोष देऊन काही साधत नाही.

म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरात, माणसं गावात असतानाच घरोघर जा. औंदा कुणाच्या टोळीबरोबर जाणार, मुकादम कोण, त्याचा फोन काय, मागच्या वर्षी कुठल्या गावात होतात, आजी-आजोबा मागे राहणार का, हे विचारा आणि त्याची घरवार यादी करा. "मुलाला शाळेत का नाही पाठवत?" या प्रश्नाने संवाद संपतो, तो तोंडातून काढूच नका. आजी मागे राहणार असेल तर मूलही राहू शकतं. हंगामी वसतिगृहाची (आईबाप कामाला गेले तरी मूल गावातच राहून शिकेल अशी) सोय होते का, हे केंद्रप्रमुखांना, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांना, विचारा. आणि मूल जाणारच असेल तर निघण्याआधी शाळेकडून शिक्षण हमी कार्ड भरून घ्या. ते कितवीत आहे, कुठवर शिकलंय, हे त्यावरून नव्या शाळेला कळतं.

तिकडचे मुख्याध्यापक आधीची शाळा सोडल्याचा दाखला मागतील. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 5 प्रमाणे दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, आणि कलम 9 प्रमाणे स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणं स्थानिक प्राधिकरणाचं काम आहे. दोन्ही कलमांची प्रत पिशवीत ठेवा, पण आल्या आल्या तोंडावर फेकू नका. इकडच्या गुरुजींना तिकडच्या गुरुजींशी फोनवर बोलू द्या. संस्थेच्या लेटरहेडपेक्षा त्या फोनने काम लवकर होतं.

पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप हा मला फसवा शॉर्टकट वाटतो. फोन बापाच्या खिशात असतो आणि रिचार्ज संपलेला असतो. मार्गदर्शक निवडताना मोठी प्रशिक्षणं घेणाऱ्यांच्या मागे लागू नका. अंगणवाडी सेविका आणि आशाताई यांच्याशी जमवून घ्या. कुठलं घर कधी हलणार, हे त्यांना आपल्या कितीतरी आधी कळतं.

पहिल्या घरभेटींत लोक बोलणार नाहीत. कोकणा बोली कानाला नवी असेल, अर्धं डोक्यावरून जाईल. घाबरू नका, हे सगळ्यांचंच होतं. ओट्यावर बसा, वही पिशवीतच राहू द्या, पुन्हा जा. माणसं ओळख धरतात.

एका बाबतीत मात्र अजिबात सवलत नाही. "कुणाला सांगणार नाही" असं वचन मुलाला कधीही देऊ नका. लैंगिक अत्याचाराची माहिती कळली, तर पॉक्सो कायदा, 2012 (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) च्या कलम 19 प्रमाणे ती पोलिसांना द्यावीच लागते. न दिल्यास कलम 21 खाली शिक्षा आहे. शाळेचं नाव जाईल म्हणून किंवा गावात बसून मिटवू म्हणून कुणी गळ घातली तरी थांबायचं नाही. मुलाला आधीच सांगा, की तुला सुरक्षित ठेवायला कुणाची मदत लागली तर मी त्यांच्याशी बोलेन, आणि बोलण्याआधी तुला सांगेन. 1098 हा मुलांसाठीच्या मदतीचा नंबर वर्गात मोठ्या अक्षरात लावा.

होळीच्या सुमारास कुटुंबं परतू लागतात. तेव्हा आधी पटावरून नाव कमी झालेलं नाही ना, हे पाहा आणि मूल त्याच्याच वर्गात बसेल असं बघा. आईला भेटून यंदाच्या बागेचं गाव आणि मुकादमाचा नंबर त्याच दिवशी वहीत उतरवून घ्या, म्हणजे पुढच्या सप्टेंबरात यादी कोऱ्या पानावरून सुरू करावी लागणार नाही.