पहिल्या कमिटच्या आधीची तयारी

सोमवारपासून आमच्या पाच जणांच्या गटाचे नवे काम सुरू होत आहे. मागच्या प्रकल्पात जे निस्तरावे लागले ते पुन्हा वाट्याला येऊ नये, म्हणून ही तयारी आधीच लिहून काढत आहे. गिट (कोडमधील बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली) बसवणे, खाते उघडणे, रिपॉझिटरी (प्रकल्पाच्या फाइली व त्यांचा इतिहास, थोडक्यात रेपो) क्लोन करणे, म्हणजे तिची प्रत आपल्या संगणकावर घेणे, हे सर्वांना येते, त्यामुळे त्यावर शब्द खर्च करत नाही. रेपो ऑनलाइन ठेवणाऱ्या गिटहबने ऑगस्ट २०२१ पासून पुश करताना (आपले बदल तिथे पाठवताना) खात्याचा पासवर्ड स्वीकारणे बंद केले आहे, तेव्हा त्याऐवजी ओळख पटवणारी एसएसएच की किंवा टोकन प्रत्येकाने रविवारीच तयार करून एकदा वापरून पाहावे.

आता मुख्य गोष्ट. पहिली कमिट (बदलांची गिटमधील नोंद) होण्याच्या आधी गिटइग्नोर फाइल, म्हणजे गिटने वगळायच्या फाइलींची यादी, तयार असली पाहिजे आणि तिच्यात पासवर्ड, की अशी गुप्त मूल्ये ठेवणाऱ्या डॉट ईएनव्ही फाइलचे नाव असले पाहिजे. नंतर नव्हे, संध्याकाळी नव्हे, आधी. गिटइग्नोर केवळ अशाच फाइलींना लागू होते, ज्यांची नोंद गिटने अजून घेतलेली नाही. फाइल एकदा कमिट झाली की मागाहून यादीत नाव घालून काहीही होत नाही, आणि ती रेपोतून काढून टाकली तरी जुन्या कमिटमध्ये जशीच्या तशी राहते.

मागच्या वेळी रात्री उशिरा मी फोल्डरमधल्या सगळ्या फाइली एकदम कमिटसाठी निवडणारे 'गिट अ‍ॅड डॉट' केले आणि डेटाबेसचा पासवर्ड व एसएमएस सेवेची की असलेली फाइल पुश झाली. दुसऱ्या दिवशी लक्षात येताच मी ती काढली, 'पासवर्ड काढला' असा संदेश लिहून कमिट केली आणि विषय संपला असे समजलो. तीन आठवड्यांनी ग्राहकाकडच्या तंत्रज्ञाने इतिहास उघडून तीच कमिट माझ्यासमोर धरली. काढलेला मजकूर दाखवणाऱ्या, वजा चिन्ह असलेल्या लाल ओळीत संपूर्ण पासवर्ड वाचता येत होता, आणि नेमके कुठे पाहायचे ते माझ्याच संदेशाने सांगितले होते. मग फिल्टर-रेपो हे साधन वापरून इतिहास पुन्हा लिहिला, सर्वांना नव्याने क्लोन करायला सांगितले. पण एका सहकाऱ्याने जुन्याच प्रतीवर पुल करून (नवे बदल ओढून घेऊन) मर्ज केले, म्हणजे जुना व नवा इतिहास एकत्र केला, पुश केले, आणि काढलेले सगळे परत आले. म्हणून असे काही घडलेच तर सर्वांत आधी पासवर्ड आणि की बदलाव्यात, इतिहासाची सफाई त्यानंतर करावी. बाहेर गेलेला पासवर्ड कुणी उतरवून घेतला असेल की नाही, हे आपल्याला कळण्याचा मार्ग नसतो.

त्यामुळे डॉट ईएनव्ही फाइल रेपोत जाणार नाही. तिच्याऐवजी केवळ चलांची (व्हेरिएबल्सची) नावे असलेली, मूल्ये रिकामी ठेवलेली नमुना फाइल कमिट करावी, म्हणजे नव्या माणसाला काय भरायचे ते कळते. खरी मूल्ये पासवर्ड मॅनेजरमधून द्यावीत, गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नयेत. 'गिट चेक-इग्नोर' ही आज्ञा त्या फाइलच्या नावासह चालवून पाहावी. उत्तरात फाइलचे नाव परत आले तरच ती वगळली जात आहे असे मानावे. बाहेरून उतरवलेल्या लायब्ररींचे नोड मॉड्यूल्स हे फोल्डर आणि बिल्डमधून (कोडपासून चालवण्याजोगा प्रोग्राम बनवताना) तयार होणाऱ्या फाइली याच यादीत घालाव्यात.

आमच्यापैकी तिघे विंडोजवर आणि दोघे लिनक्सवर काम करतात. दोन्हीकडे ओळ संपवण्याची खूण वेगळी असते, आणि त्यामुळे एक शब्द बदलला तरी संपूर्ण फाइल बदललेली दिसते व रिव्ह्यू करणाऱ्याला खरा बदल सापडत नाही. गिटअ‍ॅट्रिब्यूट्स फाइलमध्ये कोणती खूण वापरायची हे पहिल्याच दिवशी ठरवून टाकावे.

मेन ब्रँचवर (कोडच्या मुख्य शाखेवर) थेट पुश बंद ठेवावे आणि एका तरी सहकाऱ्याच्या संमतीशिवाय मर्ज होऊ देऊ नये. कामासाठी काढलेली वेगळी ब्रँच दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त जगू नये आणि सकाळी काम सुरू करण्यापूर्वी मेनमधले बदल तिच्यात आणावेत. कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी दोघांचे वेगवेगळे बदल) आल्यास समोरच्याचा कोड पुसण्याआधी त्याला फोन करावा. दोन मिनिटे लागतात. फोर्स पुश (रेपोतील इतिहासावर आपला इतिहास जबरदस्तीने चढवणे) स्वतःच्याच ब्रँचवर, आणि तोही 'फोर्स विथ लीज' वापरून करावा, म्हणजे मधल्या काळात दुसऱ्याने केलेले पुश नकळत उडत नाही. कमिटचे संदेश, रिलीजचे टॅग, जुन्या ब्रँच काढणे हे नेहमीप्रमाणे.

सोमवारी पहिली कमिट मी सर्वांसमोर मोठ्या पडद्यावर करणार आहे. आधी नव्या व बदललेल्या फाइलींची यादी दाखवणारे 'गिट स्टेटस', मग यादीतील प्रत्येक फाइलचे नाव मोठ्याने वाचणे, मग एकेक फाइल नावाने अ‍ॅड करणे. 'गिट अ‍ॅड डॉट' त्या दिवशी कुणीही वापरायचे नाही.